तळघरातून माजघरात

१८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेवर स्वतःच्या नवजात अर्भकाच्या हत्येचा खटला चालला. तिला फाशीची शिक्षा झाली व पुढे ती सौम्य करण्यात आली. वृत्तपत्री चर्चेचा रोख मात्र स्त्रियांच्या नीतीवरच राहिला. त्या संतापातून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध १८८२ साली प्रसिद्ध झाला. सुरतेची घटना अपवादात्मक असती, तर जोतीराव फुले यांना १८६३ मध्येच पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढावे लागले नसते. प्रतिष्ठित घरांच्या भिंतींआड काय पुरले जाते, हे समाज जाणून होता.

मराठी कथावाङ्मयाने मात्र हे रहस्य पुष्कळ काळ टाळले. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’ने १८५७ मध्ये विधवांच्या दुःखाला वाचा फोडली होती, पण हळब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि रिसबुडांची ‘मंजुघोषा’ (१८६८) यांनी वाचकाला अद्भुताच्या प्रदेशात नेले. पुढे गो. ना. दातारशास्त्री यांनी रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराच्या कृतींना मराठी वेश चढविला. ‘कालिकामूर्ति’, ‘बंधुद्वेष’, ‘इंद्रभुवन गुहा’ ही नावेच वाचकाला भुलवीत. भुयारे, गुप्त कोठड्या, हरवलेले वारस असा तो सारा थाट. त्यानंतर बाबूराव अर्नाळकर आले आणि हजाराहून अधिक पुस्तकांनी त्यांनी महाराष्ट्राची झोप उडवली. टीकाकारांनी नाके मुरडली, तरी ग्रंथालयांच्या देवघेव-खिडकीवर ‘झुंझार’ आणि ‘काळा पहाड’ यांना तोटा नव्हता. तोटा होता तो शाबूत पानांचा! या कथांत बहुधा गुन्हेगार बाहेरचा, त्याला हुडकणाराही बाहेरचा. तो हाती लागला की घर पुन्हा निष्कलंक.

वास्तविक आपल्या एकत्र कुटुंबातील रहस्याची जातच निराळी आहे. ते कोणालाच ठाऊक नसते असे नव्हे. ते सर्वांना ठाऊक असते, फक्त कोणी उच्चारत नाही. तेथे गुप्तहेराने शोधायचे तरी काय? म्हणूनच मनाचा ठाव घेणारी मराठी भयकथा शोधकथेच्या वाटेने आली नाही. तिचा उगम ह. ना. आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीत मानावा लागेल. रहस्यकथेशी तिचा काही संबंध नाही हे खरे. पण माजघरात जे बोलायचे नाही, ते तिथे यमुना स्वतःच्या तोंडाने सांगते.

या वाटेवरील सर्वांत समर्थ कृती म्हणजे जयवंत दळवी यांचे ‘बॅरिस्टर’. ‘अंधाराच्या पारंब्या’ या आपल्याच कादंबरीवरून त्यांनी लिहिलेले हे नाटक १९७७ मध्ये विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आले. बॅरिस्टरांची भूमिका विक्रम गोखले यांची. जुना वाडा, विलायतेहून परतलेला सुधारकी वृत्तीचा पुरुष, केशवपन झालेली मावशी आणि घराण्यावरची वेडाची छाया. येथे खून नाही, खजिना नाही. तरीही प्रेक्षक श्वास रोखून बसतो, कारण ज्या मनाने इतरांना रूढीतून सोडवायचे, तेच मन डोळ्यांदेखत ढासळू लागते. विधवेच्या डोक्यावरचे आलवण आणि मालकाच्या डोक्यातील भीती ही एकाच मौनाची फळे आहेत, हे दळवींनी एका शब्दाचेही प्रवचन न करता दाखविले. मराठी रहस्यकथेच्या इतिहासात या नाटकाचे नाव सहसा घेतले जात नाही, ही त्या इतिहासाचीच उणीव मानली पाहिजे.

रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथेने हेच भय मध्यमवर्गीय बिऱ्हाडात आणले. नारायण धारप यांचा पिंड निराळा. त्यांचा ‘समर्थ’ अमानुष शक्तींशी झुंजतो. परंतु स्टीफन किंग यांच्या कथेवर बेतलेल्या ‘आजी’ या कथेत तेही घरातच शिरले. जिच्या कुशीत निजायचे, तीच आजी भयाचे मूळ ठरली. त्या कथेतून प्रेरणा घेतलेला ‘तुंबाड’ हा राही अनिल बर्वे यांचा हिंदी चित्रपट २०१८ मध्ये आला. त्यात दातारशास्त्र्यांचा गुप्त खजिना आणि धारपांची आजी कोकणातल्या एकाच वाड्याच्या छायेत येतात, आणि बापाची हाव मुलाकडे वारशाने जाते.