जालना जिल्ह्यातील मानसिक आरोग्य संपर्कसेवा

मानसिक आजार असूनही उपचारांपर्यंत न पोचलेल्यांना गावात, घरी जाऊन गाठणे आणि त्यांना समुपदेशन व औषधोपचाराशी जोडणे हे या सेवेचे काम. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) भारतात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना मानसिक विकार होते आणि नैराश्य, चिंता यांसारख्या सामान्य विकारांच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचार मिळत नव्हते. शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या मराठवाडा-विदर्भातील १४ जिल्ह्यांसाठी राज्याच्या आरोग्य विभागाने २०१५ मध्ये प्रेरणा प्रकल्प सुरू केला. जालना त्यांपैकी एक. आशा कार्यकर्तीने शेतकरी कुटुंबांना भेटायचे, ताणाची लक्षणे विचारायची आणि गरजूंना आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवायचे, अशी त्याची रचना. मात्र अशा सेवेचे यश किती घरे तपासली यावरून नव्हे, तर सापडलेल्यांपैकी किती जण उपचारांत टिकले यावरून ठरवायला हवे.

नैराश्याच्या प्रमाणित प्रश्नावलीत गेल्या दोन आठवड्यांतली झोप, भूक, थकवा, कामातला रस आणि मरणाचे विचार यांची विचारणा असते. ती एका भेटीत भरून होते; उपचार मात्र कित्येक महिने चालतात. घनसावंगी, अंबड, मंठा, परतूर या तालुक्यांतून अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. सुरू झालेले औषध उसाच्या फडावर बंद पडते. कोयत्यावर गेलेल्या रुग्णाची पुढची चौकशी फोनवर कोण करणार आणि महिनोन्‌महिन्यांचे औषध कुठून मिळणार, हे निघण्याआधीच ठरलेले असायला हवे. दुसरी अडचण अशी, की रुग्णाच्या घरचे लोक अनेकदा ‘बाहेरचं झालंय’ म्हणून आधी शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील सैलानी दर्ग्यासारख्या ठिकाणी जातात. त्यांची श्रद्धा खोडून काढत बसण्यापेक्षा, दर्शनासोबत औषधही चालू ठेवा, असे सांगणारी ओळखीची व्यक्ती गावात असणे अधिक उपयोगी.

अशा सेवेवरचा पहिला आक्षेप असा, की कर्ज, दुष्काळ आणि कापूस-सोयाबीनचा भाव ही दुखणी समुपदेशनाने जात नाहीत. ते खरेच आहे. पण नैराश्याने खचलेला माणूस बँकेची पायरी चढण्याचे, पीकविम्याचा अर्ज भरण्याचेही बळ गमावतो. म्हणून ही सेवा कर्जमुक्तीला पर्याय नसून पूरक आहे. दुसरा आक्षेप, डॉक्टर नसताना गावकरी कार्यकर्ते काय करणार? अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ उपक्रमाने प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते आणि समुपदेशक नेमले. नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. तुलनेसाठी वेगळी गावे नसल्याने सगळे श्रेय उपक्रमाला देता येत नाही. तरी कार्यकर्त्यांच्या पाठीशी मनोविकारतज्ज्ञ असेल तर दिशा बरोबर आहे, एवढे त्यातून दिसते. तिसरा आक्षेप आशांवरील कामाच्या बोजाचा, आणि तो पूर्णपणे मान्य करावा लागतो. पाठपुराव्याच्या प्रत्येक भेटीचा वेगळा मोबदला नसेल, तर ही सेवा कागदावरच राहील. कार्यकर्तीच्या भेटीची वाट न पाहता फोनवर बोलायचे असेल, तर १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही उपलब्ध आहे.