ग्रुप फोटोतली खुर्ची आणि पगडी

चेन्नईच्या पोस्टिंगमध्ये एकदा युनिटच्या ग्रुप फोटोसाठी खुर्च्या लावायची ड्युटी माझ्याकडे आली. कोण कुठे बसणार, हे सिनिऑरिटीप्रमाणे ठरलेलं. नावांच्या चिठ्ठ्या चिकटवून मोटिव्हेशन हॉलमध्ये गेलो, तर भिंतीवरच्या जुन्या ग्रुप फोटोपाशी पाय थांबले. फोटो पहिल्या महायुद्धाच्या आधीचा. रोज दिसायचा, पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचला.

मधल्या खुर्च्यांवर गोरे अधिकारी. एक पायावर पाय टाकून बसलाय, दुसरा भलतीकडेच बघतोय. कडेच्या खुर्च्यांवर आपले सुभेदार आणि जमादार. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, नजर समोर. ऐसपैस बसायची मुभा कोणाला होती, हे लगेच कळतं.

कडेला पांढऱ्या मिशांचे एक सुभेदार आहेत. गळ्यात ‘ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया’. १८३७ साली सुरू झालेला हा सन्मान हिंदी अधिकाऱ्यांना दीर्घ आणि निष्ठावान सेवेबद्दल मिळायचा, सोबत ‘बहादूर’ किंवा ‘सरदार बहादूर’ हा किताब. त्याच रांगेतला एक कोवळा लेफ्टनंट त्यांच्या नातवाच्या वयाचा. तरी हुकूम त्याचाच चालणार. सुभेदारांचं कमिशन व्हाइसरॉयचं, लेफ्टनंटचं राजाचं. पलटणीतले सर्वांत ज्येष्ठ सुभेदार मेजरसुद्धा काल आलेल्या गोऱ्या पोराच्या हाताखाली. व्हिक्टोरिया क्रॉस तर १९११ पर्यंत हिंदी सैनिकाला मिळूच शकत नव्हता.

मनात आलं, निदान डोक्यावरची पगडी तरी आपली. पण आदल्याच रविवारी मी वेल्लोरचा किल्ला पाहून आलो होतो. मद्रासच्या फौजेत शिपायांना नवी गोल टोपी घालायचा हुकूम झाला, तिला चामड्याचा तुरा. परेडवर कपाळी गंध नको, कानात बाळी नको, दाढी नको. १० जुलै १८०६ च्या पहाटे किल्ल्यातले शिपाई उठले. किल्ल्यात टिपूची मुलं कैदेत होती, तेही एक कारण होतं. बंड त्याच दिवशी चिरडलं गेलं, पण टोपीचा हुकूम मागे घ्यावा लागला.

१८५७ नंतर विलायती टोप्या मागे पडल्या आणि पगडी गणवेशात आली. तीसुद्धा हुकमानेच. कोणत्या जातीच्या कंपनीने ती कशी बांधायची, तेही नेमून दिलेलं. म्हणजे फोटोतली पगडी आपली असली, तरी तिचा पेच सरकारी होता.

सगळ्यात जास्त टोचली ती फोटोखालची ओळ. गोऱ्यांची नावं आद्याक्षरांसह छापलेली. आपल्या माणसांसाठी दोनच शब्द: ‘इंडियन ऑफिसर्स’. पांढऱ्या मिशांच्या त्या सुभेदार साहेबांचं नाव युनिटमध्ये आज कोणालाच सांगता येत नाही. मेडल दिसतं, माणूस हरवला.

दुसऱ्या दिवशी आमचा फोटो निघाला. सुभेदार मेजर साहेब सी.ओ. साहेबांच्या शेजारी बसले. प्रिंट हातात आल्यावर मी चारही रांगांतली नावं मागच्या बाजूला लिहून काढली, शेवटच्या रांगेतल्या नव्या रिक्रूटसकट.

माजी सैनिक मंडळी, तुमच्या घरीही असा एखादा फोटो ट्रंकेत असेल. तो काढा, आणि आठवतात तोवर मागे नावं लिहून ठेवा.

जय हिंद.