लोणावळ्यात जेवणाशिवाय मुक्काम : आधी दस्तरखान ठरवा, मग खोली

लोणावळ्याला जायचं ठरलं की आपल्या घरांत पहिला प्रश्न खोलीचा नसतो, जेवणाचा असतो. मटण हलाल असेल का? एकाच तव्यावर सगळं भाजत असतील तर? मग कुणीतरी म्हणतं, "व्हेज खाऊ दोन दिवस." पण पॅकेजमधल्या नॉनव्हेज जेवणाचे पैसे तर आधीच भरलेले असतात. म्हणूनच मावळात बरीच मुस्लिम कुटुंबं आता जेवण वगळून फक्त राहण्याचं बुकिंग करतात. हा मार्ग चांगला आहे, पण तयारी नसेल तर घरातल्या बायकांची सगळी सुट्टी चुलीपुढे जाते. तसं होऊ नये म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

बुकिंगमधली अक्षरं समजून घ्या

हॉटेलच्या दरपत्रकात चार प्रकार दिसतात. ईपी म्हणजे फक्त खोली. सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण. एपी म्हणजे तिन्ही वेळचं खाणं. आपल्याला हवा तो ईपी. जपानमध्ये गरम पाण्याच्या झऱ्यांजवळच्या सरायांत रात्रीचं जेवण आणि नाश्ता भाड्यातच धरण्याची जुनी पद्धत आहे. तिथेही जेवणाशिवाय राहण्याची सोय असते, तिला 'सुदोमारी' म्हणतात. तिथल्या स्वयंपाकात तांदळाची दारू वापरली जाते, त्यामुळे मुस्लिम प्रवाशांना ही सोय उपयोगी पडते. थोडक्यात, अडचण आपली एकट्याची नाही.

लोणावळा, खंडाळा, कार्ला या भागात मोठ्या कुटुंबाला बंगला परवडतो. पवना धरणाकाठच्या तंबूंच्या पॅकेजमध्ये मात्र बार्बेक्यू, रात्रीचं जेवण आणि नाश्ता बहुतेक वेळा आधीच धरलेला असतो. तिथे "फक्त राहायचं, जेवण नको" असं बुकिंगआधीच सांगून दर कमी करून घ्या.

फोनवर हे नक्की विचारा

– स्वयंपाकघर पाहुण्यांना वापरता येतं का? त्याचे वेगळे पैसे आहेत का?
– गॅस सिलिंडर भरलेला असेल का? शेगड्या किती?
– मोठं पातेलं, कुकर, तवा आहे का? की आपलं आणायचं?
– फ्रीज आणि डीप फ्रीजर चालू आहे का? वीज गेली तर इन्व्हर्टरवर फ्रीज चालतो का?
– आत मांसाहार शिजवायला परवानगी आहे का? काही मालक नाही म्हणतात. तिथे गेल्यावर वाद घालण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.
– केअरटेकर स्वयंपाक करून देत असेल, तर मटण-चिकन आपण आणून दिलं तर चालेल का?
– शेजारच्या बंगल्यात दारूच्या पार्ट्या होतात का? स्विमिंग पूल फक्त आपल्यालाच आहे की सगळ्यांना मिळून?

उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या. तोंडी "हो, हो, सगळं आहे" याचा पुढे उपयोग होत नाही.

तीन जेवणांचा हिशोब

एका रात्रीच्या मुक्कामात साधारण तीन वेळा खाणं होतं. आम्ही सुचवतो ते असं : एक जेवण घरून न्या, एक तिथे शिजवा, एक बाहेर खा.

घरून न्यायचं ते रात्रीसाठी. सालन किंवा खिमा आदल्या दिवशी शिजवून, थंड करून, डीप फ्रीजरमध्ये गोठवा. शामी कबाब अर्धे तळून न्या. बिर्याणीचा तळलेला कांदा आणि वाटलेला मसाला डब्यात भरून घ्या. मॅरीनेट केलेलं चिकन बर्फाच्या पेटीत, वर-खाली बर्फ ठेवून न्या आणि पोहोचल्यावर लगेच फ्रीजमध्ये टाका. शिजवलेलं किंवा कच्चं मांस दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहू देऊ नका. रात्रीचा उरलेला भातही तसाच ठेवून सकाळी खाऊ नका. सहलीत पोटं बिघडतात ती बहुतेक इथेच.

तिथे शिजवायचं ते सोपं हवं. दहा जणांना एक किलो तांदूळ आणि दीड किलो मटण किंवा चिकन, एवढी बिर्याणी पुरते. नाश्त्याला वीस अंडी, दोन डझन पाव, दूध, चहा. मांस आपल्या ओळखीच्या दुकानातूनच घेऊन निघालात तर मनात शंका राहत नाही.

बाहेर खायचं तर "हलाल आहे का?" एवढंच विचारू नका. मटण कुठून येतं, रोज येतं की गोठवलेलं, हेही विचारा. उत्तरात चाचपडत असतील तर डाळ-भात किंवा मासे घ्या. भजी, भाजलेलं कणीस आणि चिक्की तर आहेच.

ट्रेनने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं : गॅस सिलिंडर आणि ज्वलनशील वस्तू रेल्वेने नेता येत नाहीत. तो धोका पत्करू नका.

सुट्टी सगळ्यांची हवी

स्वतः शिजवायचं म्हणजे पैसे वाचतात, पण कष्ट कुणाचे? घरी असते तीच अम्मी, तीच भाभी, तिथेही ओट्यापाशी. निघण्याआधीच वाटणी करा. अंगारावरचं भाजणं आणि बिर्याणीचा दम पुरुषांकडे, भांडी पोरांकडे, सकाळचा चहा जो आधी उठेल त्याच्याकडे. केअरटेकरच्या घरातलं कुणी भांडी घासून देत असेल तर त्याचे पैसे ठरवून द्या, बक्षिसावर सोडू नका.

नमाज

किब्ला इथे पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कलतो. लोणावळा शहरात मशीद आहे, पण बंगला गावापासून लांब असेल तर जुम्याची वेळ धरून निघा. कस्रचा प्रश्न नेहमी निघतो. हनफी मतात अंतर 48 मैल, म्हणजे सुमारे 77 किलोमीटर धरतात. पुण्याहून लोणावळा साधारण 64 किलोमीटर, म्हणजे पूर्ण नमाज. मुंबईहून येणाऱ्यांचं अंतर काठावर पडतं, कारण ते शहराच्या हद्दीपासून मोजतात. कोकणातली शाफई कुटुंबं आणि मुंबईकर, दोघांनीही आपल्या मौलानांना निघण्याआधीच विचारावं.

गरम पाण्याचे झरे हवे असतील तर

मावळात गरम झरे नाहीत. ते सह्याद्रीच्या खाली, कोकणच्या बाजूला आहेत. लोणावळ्याहून घाट उतरून खोपोलीमार्गे पालीकडे गेलं की उन्हेरे लागतं. त्यासाठी अर्धा दिवस वेगळा ठेवा. भिवंडी-ठाण्याच्या कुटुंबांना वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोली जवळ पडतात. ही ठिकाणं मंदिरांच्या परिसरात आहेत. तिथला अदब पाळा आणि मांसाहाराचा डबा तिथे उघडू नका. बायकांसाठी आडोसा आहे का, ते आधी पाहा. कुंडात साबण लावू नका, दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसू नका. हृदयविकार, रक्तदाब असलेल्यांनी आणि गरोदर महिलांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये.

पाण्याशी खेळ नको

हे शेवटी लिहीत असलो तरी सगळ्यात महत्त्वाचं आहे. 30 जून 2024 रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या हडपसर भागातल्या एका मुस्लिम कुटुंबातले पाच जण वाहून गेले. एक महिला आणि चार मुलं. पाणी काही क्षणांत वाढलं. 15 जून 2025 रोजी तळेगावजवळ कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीने कोसळला आणि चार जणांचा जीव गेला.

डोंगरावर वर पाऊस पडला की खाली ऊन असतानाही प्रवाह फुगतो. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहून येऊ लागला, आवाज वाढला, की एक फोटोही न काढता मुलांना घेऊन बाहेर या. प्रवाहाच्या मधल्या खडकावर उभं राहू नका. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धबधबे आणि धरणांच्या ठिकाणी वेळेची बंधनं आणि मनाई आदेश काढतं, ते निघण्याआधी पाहून घ्या.

बंगल्याच्या व्हरांड्यात बसून पाऊस बघत गरम बिर्याणी खाणं, यातही लोणावळा पुरेपूर मिळतो. जितके जण घरून निघालात, तितकेच परत या. अल्लाह सगळ्यांचा प्रवास सुखरूप करो.