पैनगंगेच्या दोन काठांवर

नागपूरकरांना राजेशाही संपल्याचा अनुभव आहे, राजेशाही उलथवल्याचा नाही. तिसरे रघूजी भोसले 11 डिसेंबर 1853 रोजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने त्यांचे राज्य खालसा केले. वाड्यातले जडजवाहीर आणि हत्तीघोडे लिलावात निघाले. लोक हळहळले, पण राज्य गेले ते कागदावर. प्रजेने ते मागितले नव्हते आणि घालवलेही नव्हते. म्हणून ‘राजाविरुद्ध प्रजेचे बंड’ म्हटले की आपल्याकडचा वाचक पॅरिसकडे नाहीतर पेट्रोग्राडकडे पाहतो. खरे तर इतके लांब जायचे कारण नाही. यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड ओलांडून पैनगंगेच्या काठावर उभे राहिले की पलीकडे जो मुलूख दिसतो, तिथे 1938 ते 1948 या दहा वर्षांत असे बंड झाले. त्याची कारणे आणि परिणाम नदीच्या अलीकडच्या काठावरून पाहावेत, असा या लेखाचा हेतू आहे.

अलीकडचा काठ निवडण्यामागे कारण आहे. वऱ्हाड आणि मराठवाडा हे दोन्ही मूळचे निजामाचेच मुलूख. 1853च्या तहाने वऱ्हाडाचा कारभार कंपनीकडे गेला. 1902 साली कर्झनने वार्षिक 25 लाख रुपयांच्या मोबदल्यात तो कायमच्या पट्ट्याने घेतला आणि पुढच्याच वर्षी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडून नागपूरच्या कारभाराखाली आणले. तरी कागदोपत्री मालकी निजामाचीच राहिली. 1936च्या करारात तिला पुन्हा मान्यता मिळाली, युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला आणि वऱ्हाडात ब्रिटिश निशाणाशेजारी निजामाचे निशाण लावण्याचा हक्कही मिळाला. म्हणजे पैनगंगेच्या दोन्ही काठांवर भाषा एक, कापूस-ज्वारीची शेती एक, सोयरीक एक आणि कागदावरचा धनीही एक. तरीही बंड झाले ते दक्षिणेकडच्या काठावरच. इतिहासात कारणांची तुलना करायला इतकी सोयीची जागा क्वचित मिळते.

मग फरक कुठे होता? दारिद्र्य हे एकमेव उत्तर पुरत नाही. वऱ्हाडातला कुणबीही सावकाराच्या वहीत अडकलेला होता आणि कापसाचा भाव पडला की तोही बुडत होता. पण त्याच्या काठावर वर्तमानपत्र निघत होते, सभा भरत होती, नगरपालिका आणि कौन्सिलच्या निवडणुका होत होत्या. 1930 साली पुसदला बापूजी अण्यांनी जंगल सत्याग्रह केला. त्यांना शिक्षा झाली, पण त्यांचे राजकारण चालू राहिले. पलीकडे 1929ची गश्ती निशाण 53 लागू होती. सरकारच्या परवानगीशिवाय सभा घेता येत नसे. त्यामुळे राजकीय माणसांना आधी साहित्य, वाचनालय आणि शाळा यांच्या आडोशाने काम करावे लागले. 1937 साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानलांच्या अध्यक्षतेखाली भरले. तिथल्या मागण्या नागरी हक्क आणि मातृभाषेतून शिक्षण अशा बेताच्या होत्या. पण राज्याला तेवढ्याही मानवल्या नाहीत.

दुसरा फरक जमिनीचा. राज्याचा साधारण एक दशांश मुलूख ‘सर्फ-ए-खास’, म्हणजे निजामाच्या खाजगी उत्पन्नाचा होता. त्याहून कितीतरी मोठा भाग जहागीरदारांकडे होता. तिथे रयतेची तक्रार ऐकणारा आणि जिच्याविरुद्ध तक्रार ती असामी बहुधा एकच असे. वेठबेगार होतीच. महायुद्धाच्या काळात धान्याची लेव्ही आली आणि ती वसूल करताना लहान शेतकऱ्यावर जितका जोर झाला तितका मोठ्यावर झाला नाही.

तिसरे कारण सर्वांत नाजूक आहे. लोकसंख्येत मुसलमान सुमारे आठव्या हिश्श्याइतके होते. सरकारी नोकऱ्यांत मात्र त्यांचे प्रमाण फार मोठे होते आणि कारभाराची भाषा उर्दू होती. निजामाचे राज्य म्हणजे निव्वळ अंधार, असे मी म्हणणार नाही. देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारे उस्मानिया विद्यापीठ याच राज्याने 1918 साली काढले आणि निजामसागरासारखे धरणही बांधले. पण इत्तेहादुल मुसलमीनने ‘अनल मलिक’ ही घोषणा दिली. प्रत्येक मुसलमान राज्याच्या सार्वभौमत्वाचा भागीदार आहे, असा तिचा अर्थ. ज्या गरीब विणकराला किंवा शिपायाला जहागिरीतून दमडीही मिळत नव्हती, तो या एका शब्दाने तख्ताचा वाटेकरी ठरला. या घोषणेची किंमत पुढे कोणी चुकवली, ते लेखाच्या शेवटी येईल.

1938 साली या तिन्ही कारणांची गाठ पडली. हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली आणि ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला. त्याच सुमारास आर्य समाज आणि हिंदू महासभेचा सत्याग्रहही चालू होता. दोन्ही लढे एकच समजले जाऊ लागले, तेव्हा गांधीजींच्या सल्ल्यावरून स्टेट काँग्रेसने डिसेंबरमध्ये आपला सत्याग्रह थांबवला. स्वामी रामानंद तीर्थांसारख्यांना हा निर्णय जड गेला, पण त्यामागची भीती खोटी नव्हती. लढा राजाविरुद्ध आहे की राजाच्या धर्माविरुद्ध, हा प्रश्न त्या दिवसापासून या चळवळीच्या मानगुटीवर बसला.

त्याच हिवाळ्यात नागपूर या कथेत आले. उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत आणि औरंगाबादसह इतर ठिकाणच्या कॉलेजांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावर बंदी आली. विद्यार्थ्यांनी संप केला आणि शेकडो विद्यार्थी काढून टाकले गेले. त्यांना आपल्याकडे घेणे म्हणजे एका बड्या संस्थानिकाची नाराजी ओढवून घेणे होते. नागपूर विद्यापीठाचे तेव्हाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी त्यांना दार उघडले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव याच पिढीतले. त्यांनी कायद्याची पदवी नागपूरलाच घेतली. एका विद्यापीठाच्या प्रवेशखात्याने केलेले हे काम सभेतल्या भाषणांपेक्षा मोलाचे होते, असे मला वाटते. हद्दपार झालेल्या तरुणांना शिक्षण मिळाले आणि परतायला कारणही उरले.

1946 साली बंदी उठली. ऑगस्ट 1947मध्ये भारतात सामील व्हा, ही मागणी घेऊन चळवळ पुन्हा उभी राहिली. 15 ऑगस्टला स्वामीजींना अटक झाली. यानंतरचा लढा पाहिला की ‘लोकांचे बंड’ हा शब्द का वापरायचा ते कळते. वकिलांनी कोर्टे सोडली, मुलांनी शाळा सोडल्या, पाटील-पटवाऱ्यांनी राजीनामे दिले. अबकारी उत्पन्न बुडावे म्हणून शिंदीची झाडे तोडली गेली. लेव्हीचे धान्य नाकारले गेले, करोडगिरीचे नाके जाळले गेले. राज्याचे हात ज्या ज्या ठिकाणी गावापर्यंत पोचत होते, तिथेच लोकांनी घाव घातला. दुसरीकडे लातूरचा वकील कासीम रझवी याच्या रझाकारांनी गावे लुटली, जाळली, माणसे मारली. रझाकारांवर टीका करणारा ‘इमरोज’चा संपादक शोएबुल्ला खान याचा ऑगस्ट 1948मध्ये हैदराबादेत खून झाला. तो मुसलमान होता, हे मुद्दाम सांगायला हवे.

या सर्व काळात सरहद्दीचे महत्त्व वाढत गेले. उमरखेड, मनमाड, बार्शी, सोलापूर अशा ठिकाणी तळ पडले. निर्वासित कुटुंबे तिथे आली आणि तिथूनच सशस्त्र तुकड्या पलीकडे जाऊ लागल्या. 30 जानेवारी 1948 रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरीच्या बँकेवर छापा पडला. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. नदीच्या अलीकडे पाठ टेकायला जागा नसती तर पलीकडचे बंड इतके दिवस टिकले असते का, याची मला शंका आहे. तेलंगणातील शेतकऱ्यांचा कम्युनिस्ट नेतृत्वाखालचा लढा सरहद्दीपासून दूर, राज्याच्या पोटात टिकला, कारण त्याने गावातच जमिनी वाटल्या आणि गावालाच आपला तळ केले. मराठवाड्यातील लढ्याचा आधार मुख्यतः सीमेवर होता. म्हणून राजा गेल्यावर जमिनीचा प्रश्न तेलंगणात जितका धगधगत राहिला तितका इथे राहिला नाही.

13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौजा शिरल्या आणि 17 तारखेला निजामाने हार मानली. क्रांतीचा शेवटचा घाव लोकांनी घातला नाही, तो फौजेने घातला. परिणामांवर या गोष्टीची दाट छाया आहे. फ्रान्सने 1793 साली राजाचा शिरच्छेद केला. इथे राजाला वार्षिक 50 लाखांचा तनखा मिळाला आणि 26 जानेवारी 1950पासून तो हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला, तो 1956पर्यंत. पण राज्याचा पाया खणला गेला, हेही खरे. सर्फ-ए-खास सरकारजमा झाले, 1949 साली जहागिऱ्या रद्द झाल्या, 1950 साली कुळकायदा आला. 1956 साली राज्याचे तीन भाषांनुसार तुकडे झाले आणि मराठवाडा महाराष्ट्राच्या वाटेवर लागला. त्याआधी 28 सप्टेंबर 1953च्या नागपूर करारात विदर्भ आणि मराठवाडा एकत्र बसले होते. शतकापूर्वी तहाने तुटलेले दोन काठ असे पुन्हा एका राज्याकडे निघाले. नागपूरने मात्र त्यात राजधानीपण गमावले.

आणखी एक परिणाम आहे, ज्याबद्दल 17 सप्टेंबरच्या भाषणांत बोलले जात नाही. फौजा आल्यानंतरच्या आठवड्यांत उस्मानाबाद, नांदेड, बिदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांत मुसलमानांची मोठी कत्तल झाली. सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने राज्यभरातील मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार असा दिला. तो अहवाल दडपला गेला आणि 2013च्या सुमारास अभ्यासकांना खुला झाला. मेलेल्यांतले सगळे रझाकार नव्हते. कित्येक जण ज्या तख्ताचे वाटेकरी म्हणून मारले गेले, त्या तख्ताने त्यांना काहीही दिले नव्हते. ‘अनल मलिक’ची किंमत त्यांनी चुकवली. तख्तावर बसलेला माणूस 1967पर्यंत आपल्या वाड्यात जगला.

यामुळे मुक्तिसंग्राम खोटा ठरतो का? माझ्या मते नाही. गश्ती 53 खरी होती, वेठ खरी होती, जळलेली गावे खरी होती. 1938 साली सत्याग्रह थांबवणाऱ्यांना ज्याची भीती वाटली होती, ते दहा वर्षांनी घडले, आणि ते थांबवण्याइतकी संघटना गावोगाव उरली नव्हती. पुढारी तुरुंगात होते, तुकड्या सरहद्दीवर होत्या. जुने राज्य पाच दिवसांत कोसळले आणि गावात नवे राज्य पोचायला वेळ लागला. ही कत्तल त्या मधल्या रिकाम्या दिवसांतली आहे. राजेशाही पाडणाऱ्या प्रत्येक चळवळीला हे दिवस ओलांडावे लागतात.

मराठवाड्यात हुतात्म्यांची स्मारके आहेत, त्यांवर नावे आहेत, आणि ती असायलाच हवीत. सप्टेंबर 1948नंतर मेलेल्यांची गाववार यादी मात्र माझ्या पाहण्यात नाही. तेव्हा जे पंधरा वर्षांचे होते ते आज नव्वदीच्या पलीकडे आहेत. ही यादी सरकार करील अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. उमरखेड, हदगाव, बिलोली, तुळजापूर इथल्या शिक्षकांनी आणि वाचनालयांनी ती हाती घेतली तर अजून थोडी नावे हाती लागतील. दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचता आल्या, तरच पैनगंगेच्या काठावरच्या या क्रांतीचा जमाखर्च पुरा होईल.