कात्री एकच, कापायचं दोनदा

आजची गोष्ट यीस्टची. १८९३ साली पूर्व आफ्रिकेतल्या बिअरमधून एक यीस्ट वेगळं काढलं गेलं, नाव पडलं पोंबे. स्वाहिलीत पोंबे म्हणजे बिअरच! पेशीने कधी दुभंगायचं हे ठरवणाऱ्या एन्झाइमचं जनुक पॉल नर्स यांनी याच यीस्टमध्ये शोधलं; २००१ च्या नोबेलचे ते एक मानकरी. ती गोष्ट सगळे सांगतात. मला तिच्या पुढची जास्त आवडते.

साध्या विभाजनात गुणसूत्राची कॉपी होते आणि दोन्ही कॉप्या कोहेसिन नावाच्या प्रथिनाच्या कड्यांनी बांधलेल्या राहतात. वेळ झाली की सेपरेज हे एन्झाइम कड्या कापतं. विषय संपला. पण मायोसिसमध्ये, म्हणजे शाळेतल्या अर्धगुणसूत्री विभाजनात, कॉपी एकदा आणि वाटणी दोनदा. पहिल्या खेपेला गुणसूत्राच्या हातांवरच्या कड्या तुटायला हव्यात, पण सेंट्रोमिअरजवळच्या टिकायला हव्यात, नाहीतर दुसरी वाटणी बिघडणार. कात्री तर तीच! मग त्या वाचतात कशा?

१९९९ मध्ये योशिनोरी वातानाबे आणि नर्स यांनी दाखवलं, की मायोसिसच्या कड्यांत रेक८ हे खास प्रथिन असतं आणि पहिली वाटणी नीट व्हायला ते लागतंच. आता त्याचा राखणदार शोधायचा होता. टोकियोत वातानाबेंच्या गटाने भारी डोकं लावलं. साध्या विभाजनातल्या पेशींत रेक८ घातलं, सोबत एकेक वेगळं जनुक. राखणदार सापडला तर कड्या तुटणारच नाहीत आणि पेशी मरेल. म्हणजे क्रॅश झालं की समजायचं, सापडला! २००४ मध्ये तो सापडला. नाव ठेवलं शुगोशिन, जपानीत रक्षक देवता.

तो करतो काय, हे २००६ मध्ये कळलं. रेक८ वर किनेज एन्झाइमांनी फॉस्फेटची खूण केली, तरच सेपरेज ते कापतं. शुगोशिन पीपी२ए नावाचं एन्झाइम सेंट्रोमिअरपाशी आणून बसवतो आणि ते खुणा पुसत राहतं. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत, डिलीटची परमिशनच काढून घेतली.

आता हे आपल्या घरात कुठे येतं? बाईच्या अंडपेशींतल्या रेक८ च्या कड्या ती स्वतः जन्मायच्या आधीच बसलेल्या असतात, आणि काम पडतं ते वीस, तीस, चाळीस वर्षांनी. उंदरांत वयाबरोबर या कड्या कमी होताना दिसल्यात, शुगोशिनही. डाऊन सिंड्रोममध्ये जादा आलेलं एकविसावं गुणसूत्र बहुतेक वेळा अंडपेशीतल्या अशाच चुकलेल्या वाटणीतून येतं. आणि आपल्याकडे अजूनही सुनेला विचारतात, गरोदरपणात काय खाल्लं होतंस?