गरम
गरम : (विशेषण). स्पर्शाला उष्ण लागणारे. शब्द फारसीतून आलेला. ऊन, कढत, कोमट हे त्याचे शेजारी. चहा कढत हवा, बाळाच्या अंघोळीचे पाणी कोमट. ‘गरम’ दोन्हीकडे चालतो, म्हणून मुले गोंधळतात.

ठाण्यात ‘आज फार गरम होतंय’ याचा अर्थ केवळ पारा चढला असा नाही. खाडीकाठच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, अंग चिकचिकते आणि ३४ अंशही असह्य होतात. याला नेमका शब्द उकाडा. कल्याण-डोंबिवली समुद्रापासून आत असल्याने तिथे समुद्री वारे उशिरा पोहोचतात. एप्रिल-मेच्या दुपारी तापमान कुलाब्यापेक्षा बरेच वर जाते. ठाणे जिल्ह्यातच, भिवंडी तालुक्यात तानसा नदीकाठी, वज्रेश्वरी-गणेशपुरीला जमिनीतून गरम पाण्याचे झरे निघतात. मुलांना शब्दाचा मूळ अर्थ बोटाने कळावा, तर हीच जागा.

गरम कपडे स्वतः गरम नसतात. लोकरीत अडकलेली हवा अंगाची ऊब धरून ठेवते. डोके गरम होणे म्हणजे राग येणे, अंग गरम लागणे म्हणजे बहुधा ताप. रागाने थर्मामीटरचा पारा चढत नाही, तापाने चढतो. निरोगी शरीराचे तापमान साधारण ३७ अंश सेल्सिअस असते.