वेशीवरची परीक्षा

भारतीय पासपोर्ट नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापला जातो. ही पुस्तिका माणूस कोण, कुठला, हे जगाला सांगते. पण ब्रिटनमध्ये नोकरीसाठी निघालेल्या परिचारिकेचे तेवढ्यावर भागत नाही. बहुतेक वेळा इंग्रजीच्या परीक्षेतले गुणही दाखवावे लागतात. ही अट आता इतकी अंगवळणी पडली आहे, की ती आली कुठून हे कोणी विचारत नाही. तिचा उगम शोधला तर दिसते, की ती भाषा तपासण्यासाठी जन्मलीच नव्हती.

१८९६च्या डिसेंबरात ‘कूरलँड’ आणि ‘नादेरी’ या बोटी हिंदी उतारूंसह डर्बानच्या बंदराबाहेर अडकवून ठेवल्या होत्या. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीतल्या गोऱ्यांना हिंदी लोक नको होते. लंडनच्या सरकारला मात्र एकाच साम्राज्याच्या प्रजेला वंशाचे नाव घेऊन मज्जाव करणारा कायदा अडचणीचा होता. १८९७च्या कायद्याने यातून वाट काढली. येणाऱ्याने वसाहतीच्या सचिवाच्या नावे एक छोटा अर्ज कोणत्याही युरोपीय भाषेच्या लिपीत स्वतःच्या हाताने लिहून सही करायची: पूर्ण नाव, गेल्या बारा महिन्यांतला मुक्काम, धंदा, जन्माचे गाव आणि साल. कायद्यात ‘हिंदी’ हा शब्दही न येता काम झाले. मोडी झरझर लिहिणारा कारकून आणि गुजरातीत खतावणी ठेवणारा व्यापारी, दोघेही या कायद्याच्या लेखी निरक्षर. पुढे केप वसाहतीत, जिथे रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान पोटापाण्यासाठी जात, तिथे १९०६च्या कायद्याने हिब्रू लिपीत लिहिली जाणारी ज्यूंची यिडिश युरोपीय भाषा म्हणून मान्य केली. म्हणजे कुठली लिपी साक्षरतेची, हे सत्तेच्या मर्जीवर होते.

नाताळची युक्ती वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी १८९७च्या परिषदेत इतर वसाहतींपुढे नमुना म्हणून ठेवली. ऑस्ट्रेलियाने १९०१ साली ती आणखी धारदार केली. पन्नास शब्दांचे श्रुतलेखन, आणि भाषा कोणती हे ठरवणार अधिकारी. १९०९नंतर या परीक्षेत कोणीही उत्तीर्ण झाले नाही. अनेक भाषा येणाऱ्या एगॉन किश या लेखकाला १९३४ साली स्कॉटिश गेलिकमध्ये श्रुतलेखन घातले गेले. ती कायद्याला अभिप्रेत असलेली युरोपीय भाषाच नव्हे, असे शेवटी तिथल्या उच्च न्यायालयाला म्हणावे लागले. ही परीक्षा रद्द व्हायला १९५८ साल उजाडले.

यावर कोणी म्हणेल, की खुद्द गांधीजींनी अशी परीक्षा मान्य केली होती. खरे आहे. दक्षिण आफ्रिकेतल्याच ट्रान्सवाल वसाहतीतल्या लढ्यात वर्षाला सहाच सुशिक्षित हिंदींना प्रवेश मिळाला तरी चालेल, असे ते म्हणत होते. पण त्यांची हरकत वंशाच्या नावाने घातलेल्या कायदेशीर बंदीला होती. कसोटी सर्वांना सारखी लागू असावी, ही त्यांची मागणी होती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: परिचारिकेला रुग्णाचे बोलणे कळले नाही, औषधाचे प्रमाण चुकले, तर जिवाशी खेळ होतो. हे मला पूर्ण मान्य आहे. कामाला लागेल तेवढी भाषा तपासलीच पाहिजे, आणि आजच्या आयईएलटीएससारख्या परीक्षेत प्रश्नांचे स्वरूप, गुण, पातळी आधी ठाऊक असते. अधिकाऱ्याच्या लहरीवर काही सोडलेले नसते. डर्बानच्या धक्क्यापासून हा पल्ला मोठा आहे.

तरी जुन्या कायद्याचा एक अंश टिकून आहे. ब्रिटनच्या व्हिसा नियमांत काही देशांच्या नागरिकांना भाषेचा पुरावा मुळी मागितलाच जात नाही. त्या यादीत अमेरिका, जमैका आणि माल्टा आहेत, भारत नाही. माल्टाच्या बहुसंख्य लोकांची मातृभाषा माल्टी आहे, तरी सूट आहे. इकडे नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची नर्सिंगची पदवी इंग्रजी माध्यमातून घेतलेल्या मुलीला पुरावे जमवत फिरावे लागते. परीक्षा दिली तर तिचा निकाल साधारण दोनच वर्षे ग्राह्य. मुदत संपली की पुन्हा शुल्क. तिला काय येते यापेक्षा ती कुठल्या देशाची, हा प्रश्न इथे आधी येतो.

भारत आणि ब्रिटन यांच्यात जुलै २०२५मध्ये व्यापार करारावर सह्या झाल्या. यापुढच्या बोलण्यांत आपल्या सरकारने व्हिसांच्या संख्येइतक्याच आग्रहाने सूट मिळणाऱ्या देशांची ही यादी आणि इंग्रजी माध्यमातल्या पदवीची थेट मान्यता मांडावी.